मागचे दिवे

फौजी गाड्यांच्या ताफ्यात, म्हणजे कॉन्व्हॉयमध्ये, सर्वांत शेवटी रिकव्हरी गाडी चालते. पुढची कुठलीही गाडी बंद पडली, घसरली, तिचे दिवे गेले, की तिला मार्गाला लावणं हे या गाडीचं काम. मी फौजेत ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. माझी बहुतेक नोकरी याच शेवटच्या गाडीत झाली. शिपाई म्हणून चढलो, हवालदार होऊन उतरलो. शेवटच्या गाडीत बसणाऱ्याला एक खोड लागते. आपल्या पाठीमागे कोणीतरी आहे असं त्याला सारखं वाटत राहतं. ही खोड पेन्शनबरोबर घरी येते. माझी सून म्हणते, बाबा हॉटेलात गेले तरी भिंतीला पाठ लावूनच बसतात. ती खोटं बोलत नाही.

माझा ड्रायव्हर होता नायक संपत. त्याचं गाव कोरेगाव तालुक्यात, माझं कराडजवळ. त्यामुळे आमचं जमायला वेळ लागला नाही. उंचीला कमी, इतका की सीटवर उशी घेऊन बसायचा आणि कोणी हसलं तर भांडायला उतरायचा. पण घाटात त्याच्यासारखी गाडी धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

फौजेत सकाळी गाडी नुसती चालू करून बाहेर काढत नाहीत. आधी फर्स्ट परेड होते. तेल, पाणी, टायर, पट्टा आणि दिवे. दिवे बघायला दोन माणसं लागतात, एक स्टिअरिंगवर आणि एक गाडीच्या मागे. आतला बटण दाबतो, मागचा ओरडून सांगतो. लेफ्ट ओके. राइट ओके. ब्रेक ओके. आपल्या गाडीचे मागचे दिवे चालवणाऱ्याला दिसत नाहीत. मागच्या माणसाच्या शब्दावर निघायचं असतं. संपत आत असायचा, मी मागे. मी ओके म्हटलं की तो रोज विचारायचा, "नक्की का?" मी म्हणायचो, "खोटं बोलायला तुझ्या लग्नातला मध्यस्थ आहे का मी? नक्की." मग आम्ही निघायचो.

आता जयपूरचं सांगतो.

मी इथे आलो तो मुलामुळे. तो बँकेत आहे आणि त्याची बदली झाली. आम्ही आदर्श नगरात राहतो. संपतचं घर त्याआधीपासून इथेच आहे. तो जयपूरला पोस्टिंगवर असताना त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, रेल्वेतली आपली बदली इथे मागून घेतली होती. पुढे तो पुन्हा वरच्या भागात, सरहद्दीवरच्या डोंगरांत, गेला आणि परत आला नाही. वहिनी मुलीला घेऊन तिलक नगरात राहिल्या. संपतने इथेच एक जुनी पांढरी गाडी विकत घेतली होती. तो गेल्यावर ती बरीच वर्षं कापडाखाली झाकून होती. वहिनी ती चालवत नव्हत्या आणि विकतही नव्हत्या.

मुलीचं नाव अश्विनी. शिकून ती विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात लागली. एवढ्या लांब रोज जायचं म्हणून तिने बापाची गाडी बाहेर काढली, सर्व्हिसिंग करून घेतलं आणि चालवायला लागली. मला कौतुक वाटलं आणि भीतीही. सीकर रोडवर ट्रक आणि ट्रेलर यांचंच राज्य असतं. त्यांच्यामधून ती छोटी गाडी जाते हे मनात आलं की मला घास गिळवत नसे.

एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, मी गाडी विकते. तुम्ही येऊन पोरीला समजावा."

"काय झालं?"

"इंडिकेटर लागत नाहीत. म्हणजे लागतात, पण पाहिजे तेव्हा लागत नाहीत. काल मागचा ट्रक अंगावर येता येता राहिला. मला सांगणार नव्हती. कुलपात किल्ली जाईना म्हणून कळलं."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. अश्विनीला सुट्टी होती. पोरगी उंच आहे, आईच्या माहेरावर गेलेली. मराठी जपून बोलते, अडलं की हिंदीचा आधार घेते.

"काका, मतलब, घरी सगळं ठीक असतं. रोडवर टर्न घेताना एकदम फास्ट टिकटिक होतं, आणि पीछेवाला हॉर्न मारतो. दोन मेकॅनिकना दाखवलं. त्यांच्याकडे गेली की सगळं चालतं. त्यांना वाटतं मीच पागल आहे."

"कुठल्या बाजूचा?"

"कधी लेफ्ट, कधी राइट."

इंडिकेटर घाईघाईने टिकटिकायला लागला की समजावं, त्या बाजूचा एक दिवा पेटत नाही. बल्ब गेला असेल, होल्डर गंजला असेल, नाहीतर तार सुटली असेल. पण असा दोष एकाच बाजूला दिसतो. कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे होत असेल तर दोष दोन्ही बाजूंच्या सामाईक जागेत हवा. मी फ्यूज पाहिला. दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर पाहिला, तो नवाच होता, मेकॅनिकने अंदाजाने बदललेला. स्टिअरिंगखालची इंडिकेटरची कांडी उघडून साफ केली. चारही बल्ब काढून होल्डर घासले. मग गल्लीत फर्स्ट परेड केली. अश्विनी आत, मी मागे. लेफ्ट ओके. राइट ओके. ब्रेक ओके. सगळे दिवे झगझगीत. मी स्वतः गाडी घेऊन मोती डुंगरीला वळसा घालून आलो. काही झालं नाही.

गेटवर वहिनी उभ्या होत्या. "मिळालं?"

"नाही."

"मग विकूया."

"उद्या मी हिच्याबरोबर जातो," मी म्हणालो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, पण घरी आल्यावर मला त्या सीटवर बसायची धास्ती वाटायला लागली. बायकोला सांगितलं नाही. तिला कळलं असणार, कारण जेवताना मी दोनदा उठून दाराची कडी पाहून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना सगळं ठीक झालं. मी दिवसभर त्यांच्या कारखान्याबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिलो. परत निघालो तेव्हा उजेड कमी होत होता. अश्विनी चांगली चालवते. आरशात बघते, उगीच हॉर्न वाजवत नाही. सीकर रोडला आलो. एके ठिकाणी पुढे रस्ता खणलेला होता, म्हणून तिला दुभाजकाच्या कटमधून उजवीकडे वळून आतल्या रस्त्याने जायचं होतं. तिने इंडिकेटर दिला. टिक, टिक, टिक, नेहमीच्या चालीने. मी मागे वळून पाहिलं. मागे एक ट्रेलर होता, लोखंडी कॉइल लादलेला, रिकाम्या रस्त्यावर चालवावा तसा येत होता.

समोरून एक टेम्पो अचानक कटमध्ये घुसला. अश्विनीने जोरात ब्रेक मारला.

टिकटिकटिकटिक.

मी मागेच बघत होतो. ट्रेलरचं तोंड इतकं जवळ आलं होतं की काचेत दुसरं काही मावत नव्हतं. आम्ही ब्रेक मारलेला होता. संधिप्रकाश होता. त्याच्या बंपरवर आमचा लाल उजेड पडायला हवा होता. तो पडला नाही. बंपर काळाच होता.

"काका," अश्विनी म्हणाली.

ट्रेलरने हवेचे ब्रेक मारले. फुसकारा ऐकू आला, टायर ओरडले, आणि ते धूड आमच्या डाव्या आरशाला चाटून पुढे जाऊन थांबलं. आरसा मोडून लोंबला. ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. म्हातारा माणूस होता. तो शिव्या देईल असं मला वाटलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"मैडम, इशारा तो दिया करो," एवढंच तो म्हणाला.

"दिया था, भैया," अश्विनी म्हणाली. तिने हात स्टिअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले. डॅशबोर्डवरचा बाण आता पुन्हा सावकाश लुकलुकत होता.

माझा हात कुठे होता ते मला तेव्हा दिसलं. मी कमरेत वाकून डॅशबोर्डखाली हात घातला होता आणि अंधारात तारा चाचपत होतो. मी काय शोधतोय हे मला माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं.

त्याचं कारण सांगायला मला मागे जावं लागेल.

संपतच्या जयपूर पोस्टिंगच्या आधी, वरच्या भागात एकदा आमचा कॉन्व्हॉय संध्याकाळी घाट उतरत होता. वाटेत एक गाडी बंद पडली होती, ती ओढण्यात आमचा वेळ गेला, आणि उशीर झाला. पुढच्या गाड्या वळणापलीकडे गेलेल्या. मागे कोणी नाही. मागच्या बाजूच्या डोंगरावरून फायर आला. गोळ्यांचा पहिला बर्स्ट मागच्या फळीला लागला. संपतने हेडलाइट बंद केले. गाडी उतारावर होती, वळण आलं, त्याने ब्रेक दाबला, आणि लगेच दुसरा बर्स्ट आला. पुढचं वळण, ब्रेक, पुन्हा बर्स्ट. आमच्या गाडीचा ब्लॅकआउट स्विच, सगळे दिवे एकदम बंद करणारा, कधीचा मेलेला होता. ब्रेक दाबला की मागे लाल दिवा पेटत होता आणि त्यांना नेम मिळत होता.

वायरलेसवर आमच्या शेवटच्या गाडीला, टेलला, हाक आली. "टेल, कहाँ हो? ओव्हर."

"टेल पीछे है. फायर आ रहा है. ओव्हर."

"रुकना मत. आउट."

संपत रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाला, "दिवा तोड."

"कुठला?"

"मागचा. सगळा."

मी डॅशबोर्डखाली घुसलो. मागच्या दिव्यांची तार कुठून जाते हे मला पाठ होतं, पण त्या वेळी हाताला काही कळेना. बोटं सुजल्यासारखी झाली होती. शेवटी मुठीत आलं ते सगळं ओढलं. मागे काळोख झाला. उरलेला घाट संपतने पहिल्या गिअरमध्ये, दिव्याशिवाय, खिडकीतून डोकं बाहेर काढून कडा बघत उतरवला. कॅम्पात पोचल्यावर त्याला खाली उतरता येईना. स्टिअरिंगवरची बोटं मी एकेक करून सोडवली. नंतर सगळ्यांनी पाठ थोपटली, चहा झाला, तो हसला, मीही हसलो. ब्रेक दाबताना आम्हांला काय वाटत होतं ते आम्ही एकमेकांनाही कधी सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर सकाळी तो "नक्की का" विचारायचा नाही. नुसता आरशातून माझ्याकडे बघायचा.

अश्विनीला घरी आणलं ते मी गाडी चालवत. पूर्ण रस्ताभर धोक्याचे दिवे लावून, डाव्या कडेने, बैलगाडीच्या वेगाने. वहिनींनी लोंबणारा आरसा पाहिला आणि आत जाऊन पाणी आणलं.

मला आता एक गोष्ट कळली होती. नुसते इंडिकेटर जात नव्हते. ब्रेकचे दिवेही त्याच क्षणी जात होते. मागचं सगळं एकदम जात असेल तर बल्ब, फ्लॅशर, कांडी यांचा संबंध नाही. त्या सगळ्या दिव्यांत एकच गोष्ट सामाईक असते, ती म्हणजे अर्थिंगची तार. दिव्यांतून करंट या तारेने गाडीच्या बॉडीत परत जातो. ती तुटली की मागे अंधार आणि पुढे टिकटिक.

मी डिकी उघडली. कार्पेट उचललं. ही तार दिव्याशेजारीच बॉडीला स्क्रूने कसलेली असते. स्क्रू जागेवर होता, त्यात तार नव्हती. दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा एकत्र पिळून एका लांब तारेला जोडल्या होत्या आणि ती तार मागच्या सीटखालून पुढे गेली होती. चार चार बोटांवर मेणाचा दोरा बांधलेला. ती गाठ मी ओळखली. वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना मी तीच गाठ शिकवायचो आणि संपत शेजारी बसून शिकला होता, ड्रायव्हर असून.

मी तारेमागे गेलो. सीटखालून, उंबऱ्याच्या पट्टीखालून, पुढे, डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या उजवीकडे. तिथे एक स्विच होता. लोखंडी दांडीचा, भंगारात काढलेल्या फौजी ट्रकचा, त्याच्यावर अजून हिरवा रंग होता.

मी गाडीच्या दारात, रस्त्यावर, तसाच बसलो.

"काय आहे काका?" अश्विनीने विचारलं.

"आत बस. मी मागे जातो." मी मागे उभा राहिलो. "ब्रेक."

दिवे लागले.

"आता टेम्पो आडवा आलाय असं समज आणि घाबरून मार."

"अशी कशी घाबरू?"

"मारून तर बघ."

तिने पाय उचलून दाणकन मारला. गुडघा वर गेला, स्विचच्या दांडीला टेकला, आणि मागचे सगळे दिवे विझले. पाय सैल केला, लागले. स्प्रिंग जुनी होऊन दांडी सैल झाली होती. बुटक्या संपतचा गुडघा तिथे कधी पोचला नसता. माझाही पोचत नाही, मेकॅनिकांचाही पोचला नव्हता. शिवाय वर्कशॉपमध्ये कोणी घाबरून ब्रेक मारत नाही. ती पोर ज्या क्षणी सगळ्यांत जास्त घाबरायची, त्याच क्षणी तिचे दिवे जायचे.

वहिनी जवळ आल्या. मला खोटं सांगता आलं असतं. जुन्या गाड्यांत असतो असा स्विच, म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांच्या बैठकीत संपतचा वर्दीतला फोटो आहे, त्याला हार आहे, आणि ती मुलगी त्या फोटोखाली अभ्यास करून मोठी झाली आहे. पण आज ती त्या ट्रेलरखाली गेली असती. मी घाटातली गोष्ट सांगितली. मग स्विचकडे बोट केलं.

"हा त्याने बसवला. मागे कोणी असलं की दिवे घालवायला."

"इथे? जयपूरमध्ये?" अश्विनी म्हणाली. "इथे कोण गोळी मारणार होतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"भीती वाटायची त्याला. मलाही वाटते. अजून वाटते."

वहिनी गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या होत्या. "संध्याकाळी कुठून परत येताना मागे गाडी लागली की हे कडेला घ्यायचे," त्या म्हणाल्या. "तिला पुढे जाऊ द्यायचे. मी चिडायची. म्हणायची, सगळ्या जगाला वाट देत बसा, आपण घरी कधी पोचायचं? हे घाम पुसायचे."

"मागच्या काचेवर लाल उजेड असायचा," अश्विनी हळूच म्हणाली. "मी मागे झोपायची. कधी कधी तो उजेड जायचा. मला वाटायचं, मी झोपावी म्हणून बाबा लाइट बंद करतात."

मी तार कापली. नवी अर्थिंग दिव्याशेजारी बॉडीला घासून, स्क्रूने कसून दिली. स्विच काढून वहिनींच्या हातात ठेवला. त्यांनी तो पदरात गुंडाळला.

मग मी त्यांना उरलेलं सांगितलं. संपत कसा गेला हे त्यांना कळवलेलं होतं, पण सरकारी भाषेत. त्या सकाळी मी सुट्टीवर होतो. मला जे कळलं ते मागच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून. त्या दिवशी संपतची गाडी शेवटची नव्हती. त्याच्या मागे जवानांनी भरलेला ट्रक होता. दाट धुकं होतं. एका वळणावर रस्त्याची कडा खचलेली संपतला दिसली. तो थांबला. वरून दगड यायला लागले होते. पुढे निघून जाण्याएवढी जागा त्याच्यापुरती होती. तो गेला असता तर मागचा ट्रक धुक्यात सरळ त्या खड्ड्यात गेला असता. त्याने गाडी तिथेच आडवी ठेवली, हेडलाइट, मागचे दिवे, दोन्ही इंडिकेटर, जे जे पेटतं ते सगळं लावलं, ब्रेकवर पाय दाबून ठेवला आणि हॉर्न धरला. मागचा ड्रायव्हर मला म्हणाला, "उस्ताद, धुक्यात काही दिसत नव्हतं. फक्त दोन पिवळे दिवे लुकलुकत होते आणि मध्ये लाल. ते बघून मी थांबलो." त्यानंतर डोंगराचा तो भाग खाली आला.

ट्रकमधले सगळे वाचले. नायक संपत गेला.

"त्याला मागच्या दिव्यांची भीती होती," मी अश्विनीला म्हणालो, "आणि त्याने ते सगळे लावले."

ती गाडीच्या बॉनेटला टेकली. मग विचारलं, "उद्या कामाला गाडी नेऊ?"

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "ने. पण आधी ते तुमचं काय असतं, ते मला शिकवा."

आता रोज सकाळी तिलक नगरच्या त्या गल्लीत फर्स्ट परेड होते. अश्विनी आत बसते, वहिनी मागे उभ्या राहतात, ऑफिसच्या साडीत, डबा हातात. मी पहिले काही दिवस जाऊन शिकवलं, संपत रोज काय विचारायचा तेही सांगितलं. आता माझी गरज नाही, तरी अधूनमधून फिरायला म्हणून जातो. भीती गेलेली नाही. पोरगी संध्याकाळी घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी आमच्या गॅलरीतून हलत नाही, आणि तिची आई तिच्या गॅलरीतून.

परवा गेलो होतो.

"लेफ्ट," अश्विनी आतून म्हणाली.

"ओके."

"राइट."

"ओके."

"ब्रेक."

"ओके."

"हॅझर्ड."

दोन्ही पिवळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. वहिनी त्या दिव्यांकडे बघत उभ्या राहिल्या. अश्विनीनेही घाई केली नाही, आरशातून आईकडे बघत थांबली.

"आई, नक्की का?"

"नक्की," वहिनी म्हणाल्या. "जा."